धर्मराज वायरमनचा पक्का जोड

धर्मराजला किळस फार. खरकट्याची, गटाराच्या वासाची किळस सगळ्यांनाच असते. याला किळस होती ती ढिल्या जोडाची. दोन वायरींना पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेली दिसली, की पानात केस निघाल्यासारखं त्याचं तोंड व्हायचं. लग्नाला गेला तरी नवरानवरी राहिली बाजूला, याची नजर मांडवाच्या माळांवर. मंडपवाल्यानं प्लग न लावता उघड्या वायरी सॉकेटात खुपसून वर आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या असायच्या. ते पाहून एकदा अंबडच्या लग्नातून हा गडी न जेवता उठून आला. बायको गिरिजाबाईनं ते त्याला वर्षभर ऐकवलं.

मूळचा तो कुंभार पिंपळगावचा. शेतात मन लागेना म्हणून आयटीआय केलं आणि १९८३ साली जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये चिकटला. तिथं लालभडक सळई धावत असताना एखादा जोड सुटला, तर सळई अडकते, सगळं काम ठप्प होतं आणि वर शिव्या वायरमनला. धर्मराजला बावीस वर्षांत तशी शिवी एकदाही बसली नाही. त्याचं पॅनेल उघडावं तर प्रत्येक वायर ताठ, मापात, कुठं बोटभर लोंबणार नाही. जोडावर वितळलेल्या कथलाचं सोल्डर, आणि सोल्डर थंड झालं की एक हिसका. हिसक्यानं सुटला नाही तो जोड पक्का, बाकी सगळा कचरा. साहेब लोक नव्या वायरमनांना ते पॅनेल दाखवायला आणायचे, तेव्हा हा कपाळाला आठ्या घालून उभा राहायचा. आतून मात्र फुगायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याची एकुलती पोरगी प्रभावती. शहरातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. २००५ साली त्या कॉलेजनं रोबोंची स्पर्धा भरवली. रोबो म्हणजे काय, तर चार चाकांची लोखंडी गाडी, वर बॅटरी, आणि पुढं कोपरातून वळणारा एक हात. त्या हातानं लाकडी ठोकळे उचलून तीन मिनिटांत खोक्यात टाकायचे. चालवणाऱ्याच्या हातात बटनांचा डबा आणि डब्यापासून गाडीपर्यंत वायरींचा जुडगा. प्रभाच्या गटात ती आणि चार पोरं. पोरांनी गाडीला रंग दिला, नाव ठेवलं, फोटो काढून घेतले. विभागप्रमुख अंबेकर सर म्हणाले, "वायरिंग प्रभावती करेल. बारीक काम आहे, मुलींना जमतं." गाडी बंद पडली की वायरिंगमुळेच पडते, हे त्या चौघांना कळत नव्हतं आणि सरांना कळून घ्यायचं नव्हतं.

पोरीनं मात्र डोकं लावून काम केलं. बॅटरीच्या वायरींच्या टोकांना थिंबल, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवल्या, बॅटरी पट्ट्यानं आवळली. जुडगा गाडीच्या सांगाड्याला गाठ मारून बांधला, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ सांगाड्यावर येईल, जोडावर येणार नाही. आणि हाताच्या कोपरापाशी सहाही वायरींना वीतभर ढील ठेवली. रविवारी ती गाडी घेऊन घरी आली आणि दळण आणायला गिरणीवर गेली.

तेवढ्यात धर्मराजची नजर त्या ढिलीवर पडली. सहा वायरी लोंबत्यात, ते पण आपल्या पोरीच्या हातच्या! त्यानं इस्त्री तापवावी तशी सोल्डर करायची कांडी तापवली, सहाही वायरी मापात कापल्या, ताठ ओढून भरपूर सोल्डर दिलं आणि एकेकीला हिसका मारला. एक सुटली नाही.

प्रभा दळणाचा डबा खाली ठेवून बघतच राहिली. "बाबा, ढील मुद्दाम ठेवल्ती मी. हात सारखा वळतो, वायर ताणंल की."

"कुठं ताणती? हे बघ." त्यानं गाडीचा हात पूर्ण वळवून दाखवला. वायर बरोबर पुरली. "ढील म्हणजे नुसता आळस. मिलमधी असं लोंबतं ठेवलं असतं तर मला हाकलून दिलं असतं."

वायरीच्या बाबतीत त्या घरात कुणी उलट बोलत नसे. तिनं दळणाचा डबा उचलून आत नेला.

स्पर्धेच्या दिवशी धर्मराज अर्धी रजा टाकून कॉलेजात गेला. पहिल्या फेरीत गाडी झकास निघाली. हातानं चार ठोकळे टाकले, पाचवा उचलला आणि हात तिथंच लटकला. मोटारीची घरघर बंद. बटनं दाबून दाबून गाडी चालवणाऱ्या पोराचं बोट दुखलं. शिट्टी झाली.

"लूज कनेक्शन!" अंबेकर सर सगळ्यांदेखत ओरडले. "प्रभावती, तू आता गाडीला हात लावू नकोस. आणि पुढच्या स्पर्धेच्या यादीतून तुझं नाव काढावं लागेल. चार मुलांची मेहनत वाया घालवलीस." प्रभा खाली मान घालून उभी. ढिलीचं काय झालं, हे तिनं तोंडातून काढलं नाही.

धर्मराज पुढं झाला. कोपरातल्या वायरी त्यानं बोटांनी चाचपल्या. तिसरी वायर वरून धड होती, पण सोल्डर जिथं संपतं नेमक्या त्या जागी आतून लुळी. सोल्डरनं तार कडक झाली होती. हात वळला की दर वेळी त्याच एका जागी वाकायची, आणि वाकून वाकून तुटली. जोड सुटला नव्हताच, जोडाशेजारी वायर मेली होती. मिलचं पॅनेल भिंतीला असतं, ते कुठं वळत नाही, एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांच्या वायरमनच्या डोक्यात आली नव्हती.

"सर, हा जोड माझ्या हातचा हाय," तो म्हणाला. "तिनं ढील ठेवल्ती. मी काढली."

अंबेकर सर गोड हसले. "काका, बापाचं मन मला कळतं हो. पण तुमचा जोड कधी तुटत नाही, हे प्रभावतीच सांगत असते ना? मुलीची चूक अशी झाकून तिचं भलं व्हायचं नाही." पोरंही हसली. दुसऱ्या फेरीला पाऊण तास होता. गटाचा कॅप्टन खाली बसला, तुटलेल्या वायरीला पीळ मारला आणि खिशातून काळी टेप काढली.

धर्मराजला आधी त्या टेपची किळस आली, मग सरांच्या हसण्याची. पण त्या दोन्ही जुन्या, सवयीच्या होत्या. तिसरी नवी होती आणि ती त्याच्या स्वतःच्याच हातांची होती. पोरीचं शहाणपण आपण आळस म्हणून कापून टाकलं, आणि आता आपलं नावच तिच्या गळ्याला फास होऊन बसलंय. खरं बोललो तरी कुणी धरायला तयार नाही.

त्यानं कॅप्टनला बाजूला सारलं, गटाच्या हत्यारांच्या पेटीतला कटर उचलला आणि कट, कट, कट, सहाही वायरी कोपरापाशी तोडल्या.

"अहो, काय करता काय!" सर किंचाळले.

"आता लावा टेप," धर्मराज म्हणाला. "कोणती वायर कुठं जाती, सांगा बरं कुणी?"

सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, कुणालाच सांगता येईना. ते एकट्या प्रभाला माहीत होतं. सरांनी घड्याळ पाहिलं, पोरांकडं पाहिलं, आणि हात झटकून मागं सरकले.

प्रभानं बापापुढं हात केला. "द्या तो कटर." तिचा आवाज थंड होता. "आन बाहेर जाऊन बसा. इथून पुढं माझ्या वायरला हात लावायचा न्हाई."

असं त्याच्याशी आजवर कुणीच बोललं नव्हतं. त्यानं कटर दिला आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. तिथून आतलं काही दिसत नव्हतं. दुसऱ्या फेरीची शिट्टी झाली, मोटारीची घरघर सुरू झाली, आणि धर्मराज ऐकत राहिला. आत जायची त्याची छाती झाली नाही. घरघर पार शेवटच्या शिट्टीपर्यंत चालली. त्याला आनंद झाला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की पोरगी बाहेर आली तेव्हा शाबास म्हणायलाही त्याला तोंड उघडवेना.