वाळू थांबली तं मी घरी!

राईस मिलच्या गॅस प्लांटवर रोज काही ना काही होतेच. सांगाले बसलो का आधी कोणतं सांगू, तेच समजत नाही!

आमच्याकडे दोन मोठे ड्रम हायेत. एकात तापलेली वाळू. तिच्यात धानाचा भुसा टाकला का गॅस निंगते. उरलेला कोळसा वाळूसंगं पाइपातून दुसऱ्या ड्रमात जाते, तिथं जळते. वाळू पुन्हा तापून पहिल्यात येते. ती फिरत राहिली तं गॅस. थांबली तं मिल बंद!

*

हेच समजवाले नागपूरचे इंजिनिअर साहेब लॅपटॉप घेऊन एक तास बोलले. माहा जोडीदार सुकराम म्हणे, "मंजे खालून हवा मारली का वाळू पाण्यावानी वाह्यते?"

"बरोबर!"

"मंग धानाच्या वावरात बांधीचा धुरा फोडून पाणी खालच्या बांधीत सोडतो, तसंच झालं ना गा! त्याले तासभर कायले?"

साहेबानं लॅपटॉप बंद केला.

*

एकदा पाइप चोक. खोलला तं आत वल्ल्या वाळूचे ढेकूळ!

"काऊन बे सुकराम?"

"भरताना धूळ उडून राहिली होती भाऊ. खळ्यावर मारतो तसा सडा मारला!"

*

पाइप अडला का मी हातोडा हाणतो. एकदा साहेब धावत आले. "हातोडा कशाला मारता?"

"वाळू ऐकत नाही!"

"वाळूला कान असतात का?"

"तुमाले हायेत ना? तुमी तरी कुठं ऐकता!"

साहेब लाल झाले. "आता एकदा जरी वाळू थांबली, तर तुम्ही घरी!"

*

दसऱ्याले सुकरामनं मशीनची पूजा केली. दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, "प्रेशर किती?"

"मीटरवरचा हार बाजूले करून पाह्यतो!"

*

मागच्या महिन्यात साहेब स्क्रीनसमोर बसले होते. जेवणाची वेळ. आमी डब्बे वाळूच्या पाइपावर ठेवतो, भाजी गरम राह्यते. डब्बा खोलला, तं भाजी थंडी!

"साहेब, वाळू थांबली!"

"स्क्रीनवर चालू दाखवतंय!"

"खड्ड्यात गेली स्क्रीन! बोट घाला यात!"

साहेबानं वांग्याच्या भाजीत बोट घातलं. तोंड उतरलं. मी पळत जाऊन हवेचा व्हॉल्व्ह पुरा खोलला. खडखड करत वाळू सरकली.

तेवढ्यात मालकाचा साहेबाले फोन. "गॅस काऊन कमी झाला होता? त्या हातोडेवाल्याले काढू का?"

"नको, राहू द्या. त्यांनीच पकडलं."

"कसं?"

साहेब बोट चाटत म्हणाले, "टेम्परेचर मॅन्युअली चेक केलं!"