सत्तर किलोचा हट्ट

"रॅब्डोमायोलिसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो शब्द मला पुन्हा पुन्हा विचारावा लागला. मग त्यांनी सोपं करून सांगितलं, "आई, अंगातलं पाणी आटलं, वरून उष्मा लागला, की स्नायू फुटतात. त्यांचा कचरा रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन अडकतो. ह्याच्या दोन्ही किडन्या सध्या काम करत नाहीत."

स्ट्रेचरवर माझा निखिल होता. पिंजऱ्यात उतरून लढणारा, एमएमएवाला. एमएमए म्हणजे कुस्ती, बुक्के, लाथा, सगळं एकातच. आर्वीत आमचं कापडाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक कापडाआधी त्याचीच चौकशी करतं.

पोरगं पहिल्यापासून तऱ्हेवाईक. लढतीआधी समोरच्याला विचारतो, "जेवला काय?" एकदा चालू राउंडमध्ये पंचांच्या पाया पडायला वाकला आणि तिथंच मार खाऊन हरला. एकदा निकाल पटला नाही म्हणून पिंजऱ्यातच मांडी ठोकून बसला, बाहेर येईना. त्यापायी बंदी आली. एका लढतीत हात मोडला तो वेगळाच.

म्हणून भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, काचा बंद केलेल्या गाडीत तो रेनकोट घालून बसला, तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. सत्तर किलोच्या गटात बसायचं म्हणून घाम काढून वजन उतरवणं चाललं होतं. पाण्याचा घोटही बंद. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. ते ऐकून मी चप्पल काढली होती मारायला, तर तो उठायला गेला आणि खाली कोसळला. तसाच ॲम्ब्युलन्समध्ये घालून वर्ध्याला आणला.

क्रिएटिनिन नावाची तपासणी असते. किडनीनं बाहेर न टाकलेला किती कचरा रक्तात साठलाय, ते त्यावरून कळतं. रोज सकाळी रक्त घ्यायचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत मी बाकावर बसून राहायची. आकडा चढतच होता. शेवटी डायलिसिस लावलं, म्हणजे रक्त मशीनमधून स्वच्छ करून परत अंगात सोडायचं. त्यासाठी त्याच्या त्या जाडजूड मानेत नळी घातली. मी तोंडाला पदर लावला, तर हा म्हणतो, "आई, तू काऊन रडून राह्यली? जित्ता आहो ना मी."

पण घाबरला होता. डॉक्टरीणबाई आल्या की एकच प्रश्न, "मॅडम, मले पुन्हा लढता येईन ना?"

त्या म्हणायच्या, "आधी लघवी होऊ द्या."

मग एका सकाळी ती झाली, चांगली भांडंभर. वॉर्डातल्या मावशी सगळ्यांना सांगत सुटल्या. त्याच्या एकाही पदकाचं मी एवढं कौतुक केलं नव्हतं.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रिपोर्ट चांगले राहिले तर काही महिन्यांनी खेळा. पण पाणी तोडून वजन उतरवलं, तर पुन्हा मशीनवर याल." तुमच्या घरात कुस्ती-बॉक्सिंगचं पोर असेल, तर हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. लघवी काळपट दिसली तर लाजू नका, दवाखाना गाठा.

पुढे रिपोर्ट चांगले येत राहिले आणि काही महिन्यांनी नागपूरची लढत ठरली. कोचचा फोन आला, "वजन थोडंच जास्त भरतंय, घाम काढ." मी कान टवकारून बसले. निखिल म्हणाला, "सर, पाणी मी सोडत नाई. मोठ्या गटात टाका, नाईतर राहू द्या." जन्मात कुणाचं न ऐकणारं माझं पोर! मला इतका अभिमान वाटला की हातातलं गिऱ्हाइकाचं कापड मी वाकडंच फाडलं.

मोठ्या गटात टाकलं. समोरचा नुसता बैल. निखिलने मार खाल्ला, दिलाही, आणि शेवटची घंटा वाजली तेव्हा तो स्वतःच्या पायांवर उभा होता. निकाल विरुद्ध गेला.

येताना वर्ध्याला उतरून मी गोरसपाक, तिथली तुपातली बिस्किटं, घेतला आणि आर्वीत गल्लीभर वाटला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "जिंकला काय जी पोरगा?"

"हारला," मी म्हटलं. "घ्या, अजून एक घ्या."