अनुराधापुरात विचारलं, घर कशाला?

निघायच्या आदल्या दिवशी माझा मुलगा दिनेश बोलला, "आई, परत आलीस की घराचं काय ते सांग. फीची तारीख जवळ आली." मी बोलले, "येऊन सांगते," आणि बॅगेत पांढरं लुगडं टाकलं.

घराचं म्हणजे असं. माझी नात सायली, तिला पनवेलच्या पुढं नर्सिंगला सीट लागली. फी आमच्या आवाक्यातली नाय. दिनेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. गाडी लाइनीत लागली की दोन-दोन दिवस घरी नाय, बँकेत जायला टाइम कुठला? रबाळे स्टेशनसमोर एक एजंट बसतो. तो बोलला, कर्ज काढून देतो, पण घराचे कागद ठेवायला लागतील. ऐरोलीतलं आमचं बैठं घर माझ्या नावावर हाय.

हे कागद एकदा गेलेले. आमचे मालक आजारी पडले तेव्हा सावकाराकडं ठेवले. मालक काय राहिले नाय. कागद सोडवायला मी दिवसा औषधाच्या कंपनीत पॅकिंग केलं आणि संध्याकाळी लोकांची भांडी घासली. तेव्हापासून कागद पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याची चावी माझ्या कमरेला.

श्रीलंकेचं आमचं आधीच ठरलेलं. विहारातल्या बायांनी भिशी लावून पैसे जमवलेले. विमानातून उतरलो तर जिकडं बघावं तिकडं माड, लाल माती, कौलारू घरं. शेजारची शेवंता बोलली, "ही तर आपली चिपळूणची बाजू. विमानाचे पैसे फुकट गेले, एसटीनं आलो असतो."

कोलंबोपासून अनुराधापुरापर्यंत बस. रस्ते झाडलेले. रस्त्यानं शाळेतून सुटलेल्या पोरी, सगळ्या पांढऱ्याशुभ्र कपड्यात. मी मोजत नव्हते, पण डोळा त्यांच्यावरून हटत नव्हता.

उतरलो त्या ठिकाणी रांधायला कुसुमा नावाची बाई होती. वय पन्नाशीचं, अंगानं काटक. ती दुबईला एका हिंदी बोलणाऱ्या घरात कामाला होती, तिथं हिंदी शिकली. तिची हिंदी लंगडी, माझी पण लंगडी, म्हणून दोघींचं बरोबर चाललं. ती मला अम्मा (आई) बोलायची. सकाळी तिनं किरिबत (नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वड्या पाडून) दिला, सोबत लुनुमिरिस (कांदा-लाल मिरचीचा ठेचा). शेवंतानं ठेचा जास्त घेतला आणि पाण्याचा तांब्या सोडला नाय.

कुसुमाच आम्हाला बोधिवृक्षाला घेऊन गेली. बोधगयेच्या झाडाची फांदी तिकडं नेऊन लावलेली, त्याचं हे झाड. सोन्याच्या रंगाच्या टेकूंवर फांद्या टेकवल्यात, म्हाताऱ्या माणसाला धरून बसवावं तसं. चपला बाहेर. वाळू अशी तापलेली की आमी सगळ्या टाचा उचलून चाललो. आत शेकडो माणसं बसलेली. त्यांनी वंदना सुरू केली आणि आमी एकमेकींकडं बघितलं. बुद्धं सरणं गच्छामि. तीच, आमच्या विहारातली. चाल वेगळी, शब्द तेच. इतक्या वेळात मला पहिल्यांदा सगळं समजलं. मी पण मोठ्यानं म्हटली.

तिकडं रीत हाय, मडक्यात पाणी घेऊन झाडाला तीन फेऱ्या मारायच्या आणि पाणी घालायचं. पोरांच्या परीक्षेच्या टाइमाला खूप आया येतात, कुसुमा बोलली. तिनं एक मडकं माझ्या हातात दिलं. "कोणासाठी, अम्मा?"

"नातीसाठी."

गुडघा दुखत होता. दुसऱ्या फेरीला मडकं डुचमळलं, लुगडं भिजलं. तिसऱ्या फेरीला मी मनात बोलले, जाऊ दे, देऊन टाकू कागद. पोरगी शिकू दे. परत भांडी घासायचं वय नाय राहिलं, पण बघू. पाणी घातलं आणि हलकी झाले.

बाहेर आले तर माझी एक चप्पल गायब. अनवाणी सावलीत बसले आणि कुसुमाला सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"शिकणार पोरगी. मग घर कशाला गहाण ठेवायचं?"

मी बोलले, "तुमच्याकडं नाय लागत?"

तिला दोन मुली. मोठीला मार्क चांगले, सरकारी युनिव्हर्सिटीत जागा मिळाली, फी नाय. पण जागा कमी, लई पोरं बाहेर राहतात. धाकटी थोडक्यात राहिली. तिनं प्रायव्हेटमधला कोर्स कर्ज काढून केला. "कर्ज पोरीनं फेडायचं, नोकरी लागल्यावर. व्याज सरकार भरतं. माझं घर त्यात कुठंच नाय."

शेवंता बोलली, "मग आपण सरकारं बदलून घेऊ."

कुसुमा हसली. "घ्या. पण रांगांसकट घ्या. मधे देश बुडाला तेव्हा गॅसला रांग, पेट्रोलला रांग, औषधाला रांग. मोठी फुकट शिकली आणि घरी बसली. आता दुबईला जाते बोलते. मी जिथं लाद्या पुसल्या तिथं."

"ती ऑफिसात बसेल," मी बोलले.

"हां. ती बसेल." मग तिनं विचारलं, "बँकेत तुमी गेला होता?"

"नाय. एजंटनं सांगितलं."

"मला पण एजंटनं पाठवलेलं दुबईला. बोलला, फक्त स्वयंपाक. तीन मजल्यांच्या पायऱ्या त्यानं सांगितल्याच नाय. आधी बँकेत जा, अम्मा."

निघताना तिनं मला तिच्या चपला दिल्या, एक नंबर मोठ्या. हात जोडून बोलली, "बुदु सरणै" (बुद्ध तुमचं रक्षण करो). मी पण तेच बोलले.

ऐरोलीला परत आल्यावर त्याच चपला घालून, कागद पिशवीत घेऊन, मी सायलीबरोबर बँकेत गेले. टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. मी पिशवी पुढं केली. त्यांनी फीचा आकडा बघितला आणि पिशवी माझ्याकडं सरकवली.

"आजी, एवढ्या रकमेला घर तारण लागत नाही. मुलीबरोबर वडिलांची सही हवी. उत्पन्नाचा दाखला आणा. शिकत असेपर्यंतच्या व्याजाला सवलत असते, बसते का बघू."

"मग एजंट?"

"तो दुसरीकडून काढून देत असेल. महाग."

सही करायला दिनेशनं एक खेप सोडली. कर्ज मंजूर झालं. सवलत बसली तरी पुढचं व्याज आमच्या डोक्यावर हाय, तिकडच्यासारखं नाय. पुढं सायलीला फेडायचंच हाय, ते टेन्शन हायच. पण तिकडं कुसुमासारख्या रांधणाऱ्या बाईला पण ठाऊक की पोरीनं शिकायला काय लागतं. आमच्याकडं बँक घरापासून दोन सेक्टरवर, आणि आमाला एवढं साधं कोणी सांगितलं नाय. आमी पण विचारलं नाय. एवढं विचारायला मी समुद्र ओलांडून गेले.

बँकेतून घरी आलो त्या दिवशी सायली बोलली, "आजी, घर लागलंच असतं तर दिलं असतंस?"

मी कमरेची चावी काढून तिच्या हातात दिली. "कागद डब्यात ठेवून ये," बोलले.

ती ठेवून आली. चावी मी परत मागितली नाय.