मामाचा गुडघा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे ‘कानस’ म्हणत. कडा घासून गुळगुळीत करायचं काम तिचं होतं आणि जीभही तशीच खरखरीत होती. वय अठ्ठावीस. आता तिला पाय बनवण्याचं शास्त्र रीतसर शिकायचं होतं आणि तो अभ्यासक्रम इथे नव्हता. दोन देशांतल्या विद्यापीठांनी जागा देऊ केली होती. रविवारपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

घरच्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. एका देशात मामा वीस वर्षं राहत होता, त्याच्याकडे रिकामी खोली होती. दुसरा देश छोटा, थंडगार, भाषा नवी, ओळखीचं काळं कुत्रं नाही. आईने तर मनातल्या मनात बॅगसुद्धा भरून टाकली होती.

शिवाय मामाचे उपकार! बाबांचा उजवा पाय अपघातात मांडीपासून गेला, तेव्हा मामाने तिकडून भारीतला पाय पाठवला. गुडघ्यात बॅटरी, पावलागणिक आपोआप वाकणार. चौदा महिने फक्कड चालला आणि एके दिवशी जिन्यातच जो आखडला तो आखडलाच. कानसने दुरुस्तीला घेतला, तर एक स्क्रू दिसेल तर शपथ! सगळं चिकटवून बंद. कंपनीने कळवलं, दुरुस्ती होत नाही, नवा घ्या.

हे मामाला सांगायचं कुणी? त्याला वाईट वाटेल म्हणून बाबा दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी तो मेलेला पाय चढवून खुर्चीत बसत. फोन बंद झाला की पाय कपाटामागे. तीन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं होतं.

एरवी ते चालत कानसने जुळवलेल्या पायावर. त्यातला गुडघा त्या छोट्या देशातून, वापरलेल्या सामानाच्या खोक्यात आला होता. चार स्क्रू, साधा पेचकस पुरे, आणि झाकणाच्या आत कुठला भाग कसा बदलायचा याचं चित्र कोरलेलं. ते पाहून ती कारखान्याच्या फरशीवर बसूनच राहिली होती. कधी न भेटणाऱ्या कुणा कारागिराचा विचार त्या माणसांनी केला होता. तिला त्यांच्याकडेच शिकायचं होतं.

रविवारी मामाचा फोन आला.

“खोली रंगवून घेतली बघ तुझ्यासाठी.”

“मामा, मी तिकडे येत नाहीये. दुसऱ्या विद्यापीठाला होकार कळवतेय.”

आईने डोळे वटारले. मामा हसला. “वेडी का खुळी तू? जगातले उत्तम पाय इथे बनतात. भाऊजी, तुम्हीच जरा चार पावलं चालून दाखवा हिला!”

बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. आई पदराशी चाळा करू लागली. कानस उठली, आतून आपण केलेला पाय आणला आणि बाबांसमोर ठेवला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मामाच्या डोळ्यांदेखत पट्टा सोडून भारीतला पाय उतरवला, दुसरा चढवला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

“हा कुठला?” मामाचा आवाज उतरला होता.

“पोरीने केलाय,” बाबा म्हणाले. “तुझा तीन वर्षांपूर्वीच बंद पडला रे. सांगायला जीभ रेटली नाही.”

“अहो, मग दुरुस्त तरी...”

“उघडतच नाही तो, मामा,” कानस म्हणाली. “मला उघडता येणारे पाय करायचेत.”

मामाचा चेहरा पडला. त्याचं तिला वाईट वाटलं, पण म्हणून ती थांबली नाही. तो पडद्यावर असतानाच तिने होकार पाठवून दिला.

निघायच्या आदल्या दिवशी तिने सामानात तो मेलेला पाय कोंबला.

“अगं, हे ओझं कशाला?” आई वैतागली.

“तिकडे सगळ्यात आधी हाच उघडणार आहे,” ती म्हणाली आणि बॅगेवर गुडघा टेकून चेन ओढली.