सिस्टीमच्या लेखी साप नव्हता

मंडणगडपासून बरंच आत, खाडीच्या अंगाला उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्या ट्रस्टचं एक छोटं हॉस्पिटल आहे. तिथलं औषधांचं स्टोअर मी सांभाळते. लग्न होऊन या बाजूला आले तेव्हापासून इथेच आहे. कोणतं औषध किती मागवायचं हे पूर्वी डॉक्टर आणि मी सकाळच्या चहाला ठरवायचो. पावसाच्या तोंडावर जुलाबाची औषधं आणि सलाइन. लावणीच्या दिवसांत पायांना होणाऱ्या चिखल्यांवरचं मलम. गणपतीला मुंबईकर आले की बीपी-शुगरच्या गोळ्या जास्तीच्या, कारण निम्मे जण आपल्या गोळ्या तिकडेच विसरून येतात. आणि बाराही महिने फ्रिजच्या वरच्या कप्प्यात साप चावल्यावर द्यायच्या इंजेक्शनच्या कुप्या.

आमच्याकडे सडा फार. काळा कातळ, त्यावर वाढलेलं गवत, दगडांचे गडगे आणि त्या गडग्यांत फुरसं, विषारी साप. मातीच्याच रंगाचं, हातभरसुद्धा नसतं. हात पडेपर्यंत दिसत नाही.

मग ट्रस्टने सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकच सॉफ्टवेअर घेतलं. खरेदी मुंबईच्या ऑफिसातून होऊ लागली. रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की माझ्यासमोर सूचना येतात: हे मागवा, ते रद्द करा, हे तुमच्याकडे पडून आहे ते दुसऱ्या शाखेला पाठवा. प्रत्येक सूचनेपुढे मंजूर आणि नामंजूर अशी दोन बटणं. नामंजूर केलं तर कारण द्यावं लागतं, तेही त्यांनी दिलेल्यांपैकीच. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते आवडलं होतं. मुदत संपत आलेलं औषध ते आधी दाखवायचं. कापूस, हातमोजे कधी संपायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डोक्याचा ताप गेला म्हणायचा."

एका सकाळी सापाच्या इंजेक्शनपुढे लाल खूण आली. मागणी शून्य, नवीन खरेदी शून्य, असलेला साठा चिपळूणला पाठवा. चिपळूणला ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल आहे. सिस्टीमचं गणित चुकलेलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात, देवाची कृपा, आमच्याकडे साप चावलेला एकही पेशंट आला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीच्या कुप्या मुदत संपून टाकाव्या लागल्या होत्या. मी नामंजूर केलं. कारणांच्या यादीत 'इथे साप आहेत' असं काही नव्हतं, म्हणून 'इतर' निवडलं.

दुसऱ्या दिवशी तीच सूचना पुन्हा आली. मी पुन्हा नामंजूर केलं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मुंबईहून फोन आला. तिकडे खरेदीचं काम बघणारी एक मुलगी आहे. आवाज गोड, बोलणं नम्र.

"ताई, तुम्ही एक सूचना सारखी परत पाठवताय. माझ्या रिपोर्टमध्ये तुमची शाखा लाल दिसते."

मी तिला सडा सांगितला, गडगे सांगितले, फुरसं सांगितलं. तिने मधे न बोलता ऐकून घेतलं.

"मला पटतंय हो. पण सिस्टीमला खप लागतो. खप नसेल तर साठा धरता येत नाही. मी वर विचारते."

तिने विचारलं असणार. उत्तर मात्र सिस्टीममधूनच आलं. शाखेने ठरलेल्या मुदतीत मान्य न केलेली सूचना आपोआप मंजूर होते, असा नियम निघाला होता. भात पिवळं पडायला लागलं होतं त्या सुमारास चिपळूणची गाडी आली. ड्रायव्हरने बर्फाचा डबा पुढे केला. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही नाही दिलंत तर मी अडवलं असं होईल, मी अडवलं तर तुमच्यावर येईल. द्या." मी कुप्या मोजून डब्यात ठेवल्या, पावती घेतली. फ्रिजचा तो कप्पा धुऊन पुसला. त्यात काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून रिकामाच ठेवला.

दसरा झाल्यावर इकडे सड्यावरचं गवत काढायला लोक जातात. अशाच एका सकाळी रिक्षातून एका बाईला आणलं. वय तिशीच्या आतबाहेर. गवताचा भारा उचलताना बोटाला चावलं होतं. सोबत तिची सासू होती. सुनेचा हात तिने आपल्या पदरात धरला होता.

"फुरसाच हाय, बाय," ती मला म्हणाली. "मी सोताच्या डोल्यानी बघलाय. इंजेक्शान हाय ना?"

तिने हे मला विचारलं, कारण स्टोअरची खिडकी दारातच आहे आणि समोर मी उभी होते. मी म्हटलं, "आत चला, डॉक्टर बघतायत."

डॉक्टरांनी काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. विष भिनलं असेल तर रक्त गोठत नाही. तोवर मी फोन लावत होते. चिपळूणच्या स्टोअरला सांगितलं, कुप्या तयार ठेवा. तिकडचा माणूस म्हणाला, "आहेत ना, तुमच्याच आल्यात. पाठवून द्या पेशंटला." वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं कडेला वाहिलं.

ते बाहेर आले आणि सासूला म्हणाले, "आजी, हिला चिपळूणला न्यायला लागेल. यावरचं इंजेक्शन नाहीये आपल्याकडे."

"नाय? मंग मागं येकदा आमच्या वाडीतल्याला तुमीच दिलंत की."

"तेव्हा होतं."

ती अँब्युलन्समध्ये चढली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर स्वतः बरोबर गेले. वाटेत मंडणगडच्या सरकारी दवाखान्यात होती तेवढी इंजेक्शनं लगेच दिली, आणि पुढची चिपळूणला. आमचा रस्ता घाटाचा, वळणावळणाचा. चिपळूणला पोचेपर्यंत तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं.

बाई वाचली. पण किडनीवर परिणाम झाला, डायलिसिस करावं लागलं, बरेच दिवस चिपळूणलाच राहिली. चावलेलं बोट काळं पडलं होतं, ते अर्धं काढलं. सुनेला घरी आणल्यावर सासू आमच्याकडे आली. हॉस्पिटलात सगळ्यांना द्यायला घावन आणि नारळाच्या रसाचा डबा घेऊन आली होती. माझ्या हातात डबा देत म्हणाली, "तुमी फोन केलात म्हणून तिकडं लगेच मिलालं." मी तो डबा घेतला. त्या दिवशी मला कुणी चार शब्द सुनावले असते तर मी शांतपणे ऐकले असते.

या प्रसंगानंतर तरी सिस्टीम शहाणी होईल असं मला वाटलं होतं. पण तिच्या दृष्टीने आमच्याकडे काहीच घडलेलं नव्हतं. इंजेक्शन आमच्या स्टोअरमधून गेलं नव्हतं, म्हणून आमचा खप शून्यच राहिला. खप चिपळूणचा वाढला, तर तिथे नवीन खरेदीची सूचना आली. डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे दिलं असं दाखवून बघा." मी तसं करून बघितलं. 'साठा उपलब्ध नाही, नोंद होऊ शकत नाही' असं उत्तर आलं.

डॉक्टरांनी ट्रस्टला सविस्तर लिहिलं. मुंबईच्या मुलीनेही मनापासून धावपळ केली. तिने एकदा घरच्या नंबरवरून मला फोन केला. "ताई, ती बाई कशी आहे?" असं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "मी बैठकीत बोलले. ते म्हणाले, एका केसवर धोरण बदलता येत नाही. माझ्या हातात बटणंसुद्धा नाहीत, तुमच्याकडे निदान नामंजूर आहे." पुढे काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली. तिच्या जागी आलेल्याचा फोन अजून आलेला नाही.

डॉक्टरांनी मग स्वतःच्या खिशातून काही कुप्या आणल्या. ट्रस्टकडून तपासणीला आलेल्यांनी त्या पाहिल्या. नोंदीत नसलेलं औषध हॉस्पिटलात ठेवता येत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. नोंदीत घेतल्या, तर चार दिवसांत सूचना आली: पडून आहे, चिपळूणला पाठवा. त्याही गेल्या.

यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी मला एक बोर्ड करून घ्यायला सांगितला. मजकूर मीच लिहिला. 'साप चावल्यावरचे इंजेक्शन येथे मिळत नाही. वेळ न घालवता मंडणगड किंवा चिपळूण येथे जावे.' रंगाऱ्याने विचारलं, "मॅडम, हे असं लिहायचं? हॉस्पिटलवर?" मी म्हटलं, "मोठ्या अक्षरात लिहा. रिक्षातूनसुद्धा वाचता आलं पाहिजे."

बोर्ड गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला लावला आहे. परवा दुपारी पाऊस कोसळत असताना एक रिक्षा भरधाव आली आणि गेटाशी थांबली. मागे दोघांच्या मध्ये एक माणूस मान टाकून बसलेला. रिक्षावाल्याने काच पुसून बोर्ड वाचला. मी खिडकीतून उठून दारापर्यंत गेले, डॉक्टरही ओपीडीतून बाहेर आले. आम्ही दोघं हात हलवून त्याला थांबायला सांगत होतो, निदान चावलेला हात-पाय हलणार नाही असा बांधून देता आला असता, सलाइन लावता आलं असतं, अँब्युलन्स होती. पण पावसात त्याला आम्ही दिसलो नसू. त्याने रिक्षा तिथल्या तिथे वळवली आणि घाटाच्या दिशेने निघून गेला.