काचीगुड्यात आलेला थिनरचा वास

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. आमचं घर बौद्ध. देवही नाही नि भूतही नाही. कुणी "अहो, मला दिसलं" म्हणालं की मी आधी विचारतो, जेवला होतात का नीट? माझी मुलगी म्हणाली, पप्पा, मग तुमचंच लिहा ना एकदा, बघू लोक काय म्हणतात. तिला मराठी धड वाचता येत नाही, छापून आलं तर मलाच वाचून दाखवावं लागणार... असो.

मी एका छोट्या कंपनीत आहे, बावीस वर्षं झाली; तेव्हा स्टोअरकीपर होतो. आमचं गोदाम कुकटपल्लीच्या मागच्या अंगाला. तिथं कारखाने संपून घरं सुरू होतात असं म्हणतात, पण खरं म्हणजे दोन्ही एकमेकांत घुसलेत. तीन मजली इमारत, खाली गोदाम, वर भाडेकरू. पहिल्या मजल्यावर आमचाच लोडर यादगिरी — बायको, दोन मुली आणि म्हातारी आई. समोर किराणा दुकान, शेजारी शिवणक्लास. गल्लीतली पोरं आमच्या शटरवर चेंडू मारून क्रिकेट खेळायची.

गोदामात थिनरचे आणि सॉल्व्हंटचे ड्रम, सगळा काडीसरशी पेटणारा माल. या घटनेच्या दोन वर्षं आधी साबनी, म्हणजे मालकांनी, त्याच छताखाली एका पांढऱ्या पावडरच्या गोण्या आणून टाकल्या. ही पावडर स्वतः पेटत नाही, पण शेजारी आग लागली की त्या आगीला ती अशी खाऊ घालते की स्फोट व्हायला वेळ लागत नाही. ही दोन्ही एका जागी ठेवायची नाहीत, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी दोनदा बोललो. साब म्हणाले, शहराबाहेर जागा बघतोय, तोवर टेम्पररी. टेम्पररी म्हणता म्हणता दोन वर्षं झाली आणि मीही गप्प बसलो.

आता महत्त्वाचं. गळती कळायला आमच्याकडे मीटर वगैरे काही नव्हतं. मीटर म्हणजे माझं नाक. सकाळी शटर अर्धं वर करायचं, वाकून डोकं आत घालायचं, वास घ्यायचा आणि रजिस्टरमध्ये 'ओके' लिहायचं. पूर्वी एकदा ड्रमचं बूच सैल झालेलं मी गेटवरूनच ओळखलं होतं, तेव्हापासून माझ्या नाकाचा मोठा बोलबाला. सगळे माझ्या भरवशावर निर्धास्त असायचे.

कोरोनात माझा वास गेला. बाकीच्यांचा आला परत, माझा नाही आला. दूध उतू जाऊन करपायचं आणि मी शेजारच्या खोलीत आरामात पेपर वाचत बसलेला. बायकोला माहीत होतं, आईला माहीत होतं. कंपनीत मात्र नाही सांगितलं. नाक गेलेला स्टोअरकीपर कोण ठेवणार हो? चार वर्षं रोज सकाळी डोकं आत घातलं, दोन मिनिटं थांबलो आणि 'ओके' लिहिलं. लिहिताना लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

दसऱ्याला तिथं पूजा असते. आदल्या दिवशी अख्खं गोदाम पाण्यानं धुतात, ड्रमना हळदीकुंकू लावतात. दसऱ्याला सकाळी शटरमध्ये कोहळा ठेवायचा, त्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, दारावरून ओवाळायचा आणि उंबऱ्यावर फोडायचा. सॉल्व्हंटच्या गोदामाच्या दारात कापूर! पण वर्षानुवर्षं चाललेलं, कुणाला काही वाटत नव्हतं. गल्लीतली पोरं बुंदीसाठी तिथंच गोळा व्हायची. मी त्या दिवशी नसतो, कारण आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. वडील रेल्वेत होते, तेव्हापासून आमचं घर काचीगुड्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई तिथं धाकट्या भावाकडे असते. पांढरे कपडे, वंदना आणि मग आईची खीर.

त्या वर्षी आदल्या दिवशी संध्याकाळी मी धुतलेल्या गोदामात गेलो, नेहमीसारखा थांबलो, 'ओके' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी, साडेनऊ वाजले असतील, आईच्या स्वयंपाकघरात उभा होतो. आई खीर ढवळत होती. आणि मला वास आला.

चार वर्षांत पहिल्यांदा. आधी आनंदच झाला, म्हटलं आलं नाक! पण तो खिरीचा नव्हता. थिनर. अगदी डोळ्यांत पाणी येईल असा. मग त्यात कापूर, आणि कच्च्या कोहळ्याचा तो हिरवट वास. खिरीचा, वेलदोड्याचा, बाहेरच्या उदबत्तीचा काही म्हणजे काही नाही. आईला विचारलं, थिनरचा वास येतोय का? ती म्हणाली, "अरे, आपल्या घरात कुठलं आलं थिनर?"

आमच्या घरात कोहळाही नव्हता आणि कापूरही नव्हता. हे तिन्ही वास एकत्र येतील अशी एकच जागा मला माहीत होती, आणि ती तिथून सतरा-अठरा किलोमीटर लांब. मी यादगिरीला फोन लावला.

"यादगिरी, काडी नक्को लगाओ. सब को बाहर निकालो, ऊपर से अम्मा को भी."

"क्या हुआ, साब?"

"थिनर की बास आरी."

"आप तो काचीगुडा में हैं ना?"

मी हो म्हणालो. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. साबच्या हातातून काडेपेटी काढून घेतली म्हणे. साब भडकले, मुहूर्त टळतोय म्हणून माझ्या नावानं ओरडले. तरी यादगिरीनं पोरांना गल्लीच्या टोकाला पिटाळलं आणि आईला उचलून खाली आणलं.

मी स्कूटर हाणत निघालो. अमीरपेठपर्यंत वास होता. तिथं सिग्नलला थांबलो आणि तो गेला.

पोचलो तेव्हा यादगिरीला सापडलं होतं. मागच्या रांगेतला खालचा ड्रम पत्र्याच्या शिवणीतून गळत होता. थिनर पसरत पसरत पावडरच्या गोण्यांखाली गेलेलं, खालच्या दोन गोण्या चिंब. फरशी धुतलेली, त्यामुळे ओल दिसली तरी पाणीच असेल असं सगळ्यांनी धरलेलं. वास? तो आला होता की सगळ्यांना. पण गोदामात थिनरचा वास येणारच, आणि काल स्टोअरच्या साबनं, म्हणजे मी, बघून ओके दिलंय ना!

अग्निशमनवाले आले. त्यांचा अधिकारी सगळं बघून साबना वरच्या मजल्याकडे बोट दाखवून नाही नाही ते बोलला. साब घामाघूम. मला मिठी मारून सगळ्यांना सांगत सुटले, यांच्या नाकानं वाचवलं. मला तिथं उभं राहवेना. यादगिरी फुटपाथवर आईला पाणी पाजत होता, त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"यादगिरी, मेरे को चार साल से बास नहीं आती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आईकडे.

"कल भी?"

"कल भी."

त्यानं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं आणि उठून गेला. नंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

साबनाही मी त्याच दिवशी सांगितलं. काढलं नाही त्यांनी, बिलिंगला बसवलं. ड्रम आणि गोण्या शहराबाहेर गेल्या, वेगवेगळ्या शेडमध्ये, आणि मीटर आले. यादगिरीनं खोली बदलली. आता भेटला की चहा पाजतो, पण नाकाचा विषय दोघंही काढत नाही.

डॉक्टर म्हणाले, वास गेलेल्यांना कधीकधी नसलेले वास येतात, मेंदूचा खेळ असतो. मान्य. पण नेमका त्याच वेळी? यादगिरीच्या म्हणण्याप्रमाणे माझा फोन आला तेव्हा त्यानं कोहळ्याला नुकतंच भोक पाडलं होतं आणि कापूर पुड्यातून हातावर घेतला होता. मुलगी म्हणते योगायोग. मीही तेच म्हणतो... दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर एकदाही वास आलेला नाही. दसऱ्याला आई खीर ढवळते, मी तिथंच जाऊन उभा राहतो. ती विचारते, येतोय का रे काही? मी म्हणतो, नाही. एवढंच म्हणतो. सगळं ठीक आहे असं म्हणत नाही. मग आई स्वतः वाकून सिलेंडरचा वास घेते, आणि तिचं होईपर्यंत मी तिथून हलत नाही.