मामांचा नाग

शब्दांच्या बाबतीत आमच्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये शोधून सापडायचा नाही. उभी हयात त्यांनी चाकणच्या एका रंगाच्या कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर जुनं रसशास्त्र वाचायला घेतलं. तेव्हापासून पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत जस्ताचं यशद झालं आणि कथलाचं वंग. शिशाला जुने वैद्य 'नाग' म्हणत, हे कळल्यावर तर त्यांना हर्षवायूच झाला. "फणा नाही, फुत्कार नाही, गुपचूप अंगात शिरून बसतो. याहून नेमकं नाव कुठलं?" असं ते कुरुळीहून येणाऱ्या भाजीवाल्यालाही ऐकवत. तो बिचारा "व्हय मामा, व्हय" म्हणत चार काड्या कोथिंबीर जास्त घालायचा, एकदाचे घरी जावेत म्हणून. शिसपेन हा शब्द तर ते घरात उच्चारू देत नसत. जिच्यात नागाचा कणही नाही, तिला शिसपेन म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध फसवणूक!

एका सकाळी सोसायटीच्या बागेतून मामांची आरोळी आली, "घसरगुंडीवर नाग आहे! पोरं उचला!" मग काय विचारता! आयांनी पोरं काखोटीला मारली, सेक्रेटरी क्रिकेटची बॅट घेऊन धावले, कोणीतरी सर्पमित्राला फोन केला. तो आकडा सरसावत आला, तर मामा तळहातावर पिवळ्या रंगाचा पोपडा घेऊन उभे. "हा बघा."

"काका, ह्याला पकडू कसा?" सर्पमित्राने विचारलं.

"खरवडून!"

सेक्रेटरी भडकले. "मामा, सरळ शिसं म्हणायला काय झालं होतं?"

"आठवडाभर शिसंच म्हणत होतो. आला होतात का कोणी खाली?"

न आलेल्यांत मीही होतो. आमची दोन वर्षांची मनू ती घसरगुंडी रोज चाटायची. मामांनी ते पाहिलं होतं, म्हणूनच पोपडा जुन्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून तपासून आणला होता. लगेच तपासणी केली, तर मनूच्या रक्तात शिसं निघालं. बायको रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत कळलं. आता हळूहळू उतरेल."

मामांनी स्वतः उभं राहून, माणसांना मास्क बांधायला लावून, घसरगुंडीचा रंग ओला करून खरवडून घेतला. रोज मनूसाठी नाचणीची खीर घेऊन येत, तिचे हात साबणाने धूत. एकदा तिला मांडीवर झोपवून हळूच म्हणाले, "जावईबापू, उमेदीत असले पिवळे रंग मीच बनवलेत. तेव्हा नुसती चमक बघायचो." पुढचा रिपोर्ट पुष्कळ चांगला आला, त्यानंतरचा अगदी स्वच्छ. तो हातात धरून हा माणूस जिन्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

हल्ली मामा तळेगाव दाभाड्याला लेकीकडे राहतात. परवा मनूने फोनवर विचारलं, "आजोबा, परत कधी येणार?" मामा म्हणाले, "आता तूच मोठी हो आणि मला न्यायला ये."

तेव्हापासून मनू रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून, टाचा जमिनीला टेकवून, आपली उंची बघते.